ताविताच्या शेजारची जागा

नॉर्थवो, शेटलंड
४ फेब्रुवारी १९८४

तेलेसियाबाई,

मी इंगा इस्बिस्टर, एर्लेंडची आई. माझा मुलगा गेला ते घर तुमचं, एवढंच मला वकिलातीच्या कागदावरून कळलं. तुम्हाला लिहायला वर्ष लागलं. आधी लिहायला हवं होतं, पण बसले की हात चालत नसे.

आमचं बेट स्कॉटलंडच्याही वर आहे. झाड असं इथे नाहीच, वारा ते उभं राहू देत नाही. एर्लेंडला थंडी कधी सोसली नाही. पाठीला सॅक लावून तो गेला तो ऊन शोधतच गेला. दर आठवड्याला पत्र टाकायचा. तुमच्या गावाबद्दल काय लिहिलं होतं ते उतरवून देते:

"आई, इथल्या घरांना भिंती नाहीत. नुसते खांब आणि वर छप्पर. रात्री शेजारच्या घरातला माणूस कूस वळला तरी ऐकू येतं. आपण जन्मभर दारंच लावत आलो गं. इथे एकटं पडायला जागाच नाही. इतके देश फिरलो, पण कधी निघणार असं मला न विचारणारी माणसं इथेच भेटली."

हे वाचून मला बरंही वाटतं आणि रागही येतो. दारं आम्ही थंडीमुळे लावत होतो.

आम्हाला त्याला घरी आणायचं आहे. त्याच्या वडिलांनी, मॅग्नसने, समुद्राकाठच्या टेकडीवरच्या दफनभूमीत आपल्या शेजारी त्याची जागा धरून ठेवली आहे. मॅग्नस फारसं बोलत नाही, पण दर रविवारी तिथलं गवत कापून येतो. तुमची हरकत नसेल ना? आणि त्याला फार त्रास झाला का, तेही सांगा. खरं सांगा.

इंगा इस्बिस्टर

*

सालेवाई, सवाई बेट
९ मार्च १९८४

इंगाबाई,

तुमचं पत्र पोचलं. माझं इंग्रजी पाद्रीबाईंच्या घरी कामाला असताना त्यांच्या जुन्या मासिकांवरून उचललेलं आहे. चुकलं तर समजून घ्या.

एर्लेंड भर दुपारी रस्त्याने आला. नाकाचं सालपट निघालेलं, पाठीवर ते ओझं. वाटेने जाणाऱ्याला घरातून "या, जेवून जा" अशी हाक घालायची आमच्याकडे रीत आहे. जाणाऱ्याने "नको, पुढे चाललोय" म्हणायचं, हीसुद्धा रीत. मी हाक घातली आणि हा सरळ आत येऊन मांडी घालून बसला! घरात एक तारोचा कंद होता आणि थोडी केळी. मी शेजारणीकडे मासा मागायला पळाले.

जेवताना विचारलं, "किती दिवस चालतोयस बाबा?"

"दोन वर्षं."

"का रे? मागे कोणी लागलंय?"

तो इतका हसला की घास अडकला. मग म्हणाला, "कोणी लागलं असतं तर बरं झालं असतं." ते मला तेव्हा कळलं नाही.

कधी निघणार असं आम्ही विचारत नाही हे खरं. ते उद्धटपणाचं दिसतं. मनात येत नाही असं नाही. पण दोन दिवसांनी तो पाणी भरायला लागला, माझ्या चुलीपुढे बसून नारळ खवायला लागला आणि मग मनातही येईना. भिंतींचं त्याने लिहिलं ते त्याचं म्हणणं. माझा नवरा गेला तेव्हा मला एक तरी भिंत असती तर हवी होती. मनासारखं रडताही आलं नाही. सगळं गाव बघत होतं.

ताप आला तो साधाच वाटला. मग वाढला. समुद्र खवळलेला, त्यामुळे मोठ्या दवाखान्याकडे जाणारी बोट बंद. शेवटच्या दिवशी तो बडबडत होता, तुमच्या बोलीत, मला समजलं नाही. मग झोपला आणि झोपेतच गेला. त्रास झाला का? आधी झाला. शेवटी नाही. हे खरं सांगते आहे.

इथल्या उन्हात थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुरावं लागलं. तो आमच्या घरासमोर आहे, माझ्या नवऱ्याच्या, ताविताच्या शेजारी, सिमेंटच्या ओट्यात. पांढरा रंग दिलेला आहे.

तुम्ही त्याला घेऊन जा. माझी हरकत नाही.

तेलेसिया

*

सालेवाई
११ मार्च १९८४

लोसाताई,

ऑकलंडला थंडी सुरू झाली का? गुडघे झाकत जा.

बातमी ऐक. त्या मुलाची आई त्याला न्यायला येणार आहे. पत्र वाचल्यावर मी आधी काय केलं सांगू? ओट्यावर जाऊन बसले आणि ताविताला म्हटलं, "सरक, मी येतेय." मग माझीच मला लाज वाटली. तिचा मुलगा मेलाय आणि मी अंथरुणाची जागा चाचपतेय.

तेव्हा तू फोनवर ओरडली होतीस, ते विसरले नाही. पण तू इथे नव्हतीस गं. पोरगं चटईवर पडलेलं, ऊन वाढत चाललेलं, आणि जो तो म्हणतोय, आमच्या दारात आमची माणसं, परका कुठे ठेवायचा? कोणी म्हणालं, लाव्हाच्या काळ्या रानात न्या. तिथे साधं गवत उगवत नाही. ज्याने माझ्या चुलीपुढे बसून नारळ खवले त्याला मी तिथे टाकू? ताविताच्या ओट्यात जागा रिकामी होती ती एकच, माझी. भावजी म्हणाले, "नीट विचार कर तेलेसिया. ही दिलीस की दुसरी मिळायची नाही." मी म्हटलं, "द्या." तेव्हा पोटात गाठ नव्हती.

आता आहे. डॉक्टर म्हणाले, येता नाताळ बघाल, त्यापुढचं मी काही सांगत नाही. त्या बाईला यातलं काही लिहिलेलं नाही. तिने तिच्यापुरतं यावं, मुलाला न्यावं. मला माझी जागा परत मिळेल. नाहीतर तुला माहीत आहे, मूलबाळ नसलेल्या विधवेला पुरायला माहेरी पोचवतात. माहेरी आता आहे कोण? भाचा. तो मला चर्चमध्ये बघून हात हलवतो, तेवढीच ओळख.

तुझी तेलेसिया

*

नॉर्थवो
२० मे १९८४

तेलेसियाबाई,

तुमचं पत्र मॅग्नसने खिशात ठेवलं आहे. मला परत देत नाही.

आमचं येणं होत नाही. तुमच्या सरकारकडून उत्तर आलं. तापाने गेलेल्या माणसाचं थडगं पाच वर्षं उघडता येणार नाही. आम्ही पुन्हा लिहिलं, पाद्रीसाहेबांकडून लिहवलं. उत्तर तेच.

मग त्याचं शेवटचं पत्र काढून वाचलं. तापाच्या थोडं आधीचं असावं:

"आई, इथे गेलेल्या माणसांना दूर नेत नाहीत. दारातच ठेवतात. मुलं थडग्यावर बसून अभ्यास करतात, बायका त्यावर कपडे वाळत घालतात. आपण माणूस गेलं की टेकडीवर ठेवतो आणि घरी येऊन दार लावतो. प्रवासात मला एक गोष्ट उमगली. मी जागा बघत फिरत नव्हतो, कोणाच्या तरी दारात पडून राहायला मिळेल का ते बघत होतो. हे दार चालेल मला."

मग मी ठरवलं. पाच वर्षांनीही आम्ही त्याला हलवणार नाही. तो त्याच्या दारात आहे. मॅग्नसला पटलेलं नाही, पण पटेल. तुम्ही रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसत असाल असं मी मनाशी धरून चालते. तुम्ही आहात म्हणून मला रात्री झोप लागते.

तुमची ऋणी,
इंगा

*

सालेवाई
२ जुलै १९८४

लोसाताई,

ती येत नाही. सरकारने अडवलं, आणि आता तिनेच ठरवलंय की तो इथेच राहणार. तो पत्रात लिहून गेला, हे दार चालेल मला. पोट भरलेलं असलं की तरुण पोरं असलं काहीबाही लिहितात गं. तो काय मरणार म्हणून लिहीत होता?

मी भावजींकडे गेले. ते जाळं विणत बसले होते. म्हटलं, "भावजी, मला दुसरी जागा द्या. ओट्याच्या पायाशी, फणसाच्या बाजूला."

"ती नातवंडांची आहे."

"नातवंडं अजून रांगताहेत."

"रांगणारी मरत नाहीत असं कोणी सांगितलं तुला?"

"एवढी वर्षं मी या घरात रांधलं, भावजी."

"रांधलंस. नाही कोण म्हणतं? हे पोट कोणामुळे आलंय?" जाळं खाली ठेवून म्हणाले, "तुला मूल असतं तर मी तोंड उघडलं नसतं. तुला एकटीला दिली की उद्या घरातल्या सगळ्या सुना रांग लावतील. ज्यांना मूल नाही, ज्या निघून गेल्या, परत आल्या, सगळ्या. ही जमीन घराण्याची आहे, माझ्या बापाची नाही."

आतून वहिनी बोलल्या. "मग तो गोरा पोरगा कोण लागतो घराण्याचा? पाहुणाच ना? पाहुण्याला कोणी जन्मभर ठेवतं?"

"तू गप्प बस."

"गप्पच आहे. विचारलं फक्त."

ताई, भावजींनी जाळं परत मांडीवर ओढलं. मग म्हणाले, "तो मुलगा झाला तर गोष्ट वेगळी. त्याच्या आईने तो ताविताला आणि तुला दिला, असा तिचा शब्द यायला हवा. जन्मदात्रीने स्वतः बोलल्याशिवाय मूल दत्तक होत नाही, मग ते जिवंत असो की मेलेलं. शब्द आला, की तो माझ्या भावाचा मुलगा. दगडावर ताविताचं नाव त्याच्या नावापुढे. आणि तू मुलाची आई. मग तुझी जागा मी माझ्या हाताने खणीन."

"आणि तिचं काय?"

"तिचा तो नाही राहणार. दिलेलं मूल अर्धं परत मागता येत नाही. तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. असं कसं मागू, ताई?

तेलेसिया

*

ऑकलंड
१९ जुलै १९८४

तेले,

असंच मागायचं. तोंडाने. जन्मभर तू दुसऱ्याला वाढून उरलेलं खाल्लंस, आणि तुझी कबरसुद्धा तू वाढून दिलीस. आता एकदा ताट पुढे कर.

तिला काय फरक पडणार आहे? तो तिथे, ती जगाच्या दुसऱ्या टोकाला. एक ओळ लिहायची, 'दिला'. संपलं.

आणि नाहीच लिहिलं तिने, तर ऐक. तुमच्या सालेवाईत इंग्रजी वाचतं कोण? तू. पत्र कोण वाचून दाखवणार? तू. तुझ्या भावजींना कागद उलटा धरलेला कळत नाही. पुढचं मी लिहीत नाही, देव वरून वाचतो. पण तू बावळट नाहीस.

भाच्याला मी फोन केला होता. म्हणाला, "आत्याला आणायला गाडी पाठवीन." मी म्हटलं, "ती अजून जिवंत आहे रे मेल्या."

लोसा

*

सालेवाई
६ ऑगस्ट १९८४

इंगाबाई,

हे पत्र लिहायला मला फार कठीण जातंय. सरळच लिहिते.

एर्लेंड जिथे आहे ती जागा माझी होती. नवऱ्याचा ओटा बांधला तेव्हा घरच्यांनी, मला मूल नसूनही, त्याच्याखातर शेजारची जागा माझ्यासाठी सोडली होती. एर्लेंडला कुठेच जागा मिळेना म्हणून मी ती दिली. तुम्हाला उपकार वाटावे म्हणून हे सांगत नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मी आजारी आहे आणि वाटायला लागलंय.

आमच्याकडे मूल नसलेली बाई मेल्यावर नवऱ्याच्या दारात राहू शकत नाही. मूल असेल तर राहते. माझे दीर म्हणतात, एर्लेंडच्या आईने तो आम्हाला मुलगा म्हणून दिला, असा तिचा शब्द आला, तर तो माझा मुलगा होईल आणि मला त्याच्या पायाशी जागा मिळेल. पण तो शब्द पुरा हवा. मग दगडावर माझ्या नवऱ्याचं नाव येईल. प्रार्थनेत तो आमचा म्हणून घेतला जाईल. तुमचा म्हणून नाही.

तुम्ही नाही म्हणालात तरी त्याच्या ओट्याला कोणी हात लावणार नाही. तशी भीती बाळगू नका. पत्र माझ्या नावाने पाठवा. घरात मीच वाचून दाखवते.

रोज संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसते असं तुम्ही लिहिलं होतं. मी ताविताजवळ बसते. तो शेजारी असतो.

तेलेसिया

*

नॉर्थवो
१४ ऑक्टोबर १९८४

तेलेसियाबाई,

मी होय लिहायला बसले होते. चार ओळी लिहिल्याही. 'मी इंगा इस्बिस्टर, माझा मुलगा एर्लेंड' इथवर आले, की पुढे 'माझा' हा शब्द खोडायचा आहे हे आठवायचं.

मॅग्नस म्हणाला, "लिही की. तो काय वाचणार आहे? बाईने आपली जागा दिली, आणि तुला साधा शब्द देववत नाही?"

मी म्हटलं, "तू दे. तू बाप आहेस."

तो उठून मेंढ्यांकडे गेला. संध्याकाळी आला आणि म्हणाला, "मलाही नाही देववत."

माझ्याकडे त्याचं शरीर नाही. त्याचा आवाज हळूहळू विसरत चालले आहे. त्याची पत्रं आहेत, त्यांत तो दुसरीच दारं शोधतो आहे. त्याची आई मी आहे, एवढं एकच माझ्याकडे उरलं आहे. तुम्ही मागितलंत ते थोडंसं नाही. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून तर तुम्ही 'पुरा शब्द' असं स्पष्ट लिहिलंत. तुम्ही लपवलं असतं तर मी कदाचित फसून होय म्हटलं असतं.

बाकी काहीही मागा. तुमच्या दिरांच्या पाया पडायला मी येईन. सरकारकडे पुन्हा लिहीन. पण मी त्याला देत नाही. तो माझा मुलगा आहे.

मला क्षमा करा असंही लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तुम्हाला ती करावी लागेल.

इंगा

*

सालेवाई
२५ नोव्हेंबर १९८४

इंगाबाई,

तुमचं पत्र सोळा तारखेला, शुक्रवारी आलं. मी एकटीने वाचलं आणि घडी घालून ठेवलं. रविवारी चर्चनंतर, जेवणं झाल्यावर, भावजींनी घराण्यातल्या सगळ्यांना बसवलं. पाद्री होते, वहिनी होत्या, सुना होत्या.

"वाच," भावजी म्हणाले.

आमच्या घरात इंग्रजी मलाच येतं. त्या कागदावर काय आहे ते तिथे मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीने काय करायचं ते मला आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच सांगायचं मी ठरवूनही बसले होते, तुमच्यापासून कशाला लपवू. 'ती म्हणते, दिला.' आमच्या भाषेत एवढं एका दमात होतं. गाठीचं दुखणं वाढलं आहे. रात्री मी उठून बसते तेव्हा समोर ओटा दिसतो. भिंत नाही ना मध्ये.

मी पत्र उघडलं. 'मी होय लिहायला बसले होते' इथून सांगायला लागले. मॅग्नस मेंढ्यांकडे गेला ते सांगितलं. एक सून रडायला लागली. मग तुमची ती ओळ आली, आणि तुम्ही लिहिलीत तशीच मी ती सांगितली. 'मी त्याला देत नाही. तो माझा मुलगा आहे.'

मग वहिनी म्हणाल्या, "नीट बघ गं. अक्षर बारीक आहे. होय असेल."

भावजी माझ्याकडे बघत नव्हते. चटईची काडी उपसत होते. म्हणाले, "तुझं इंग्रजी कच्चं आहे, तेलेसिया. मासिकांवरचं. पुन्हा वाच. सावकाश वाच."

इंगाबाई, त्या माणसाने मला आयुष्यात इतक्या मऊ आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं. ते काय मागत होते ते मला कळलं. तिथल्या प्रत्येकाला कळलं. पाद्रीसाहेबांनीसुद्धा खाली बघितलं.

मी पुन्हा वाचलं. सावकाश वाचलं. पत्रात होतं तेच निघालं.

तुम्हाला वाटेल, ही मोठी खरी बाई. तसं नाही. पहिल्यांदा वाचताना मला भीती होती. दुसऱ्यांदा नव्हती, कारण तेव्हा मला तुम्ही दिसत होतात. तुम्ही दिला असतात, तर मला वाटलं असतं, असा कसा दिला. मला मूल झालं नाही. पण झालं असतं, तर मी तुमच्यासारखंच लिहिलं असतं. तेवढंच माझं आईपण.

भावजी म्हणाले, "बरं," आणि उठून बाहेर गेले.

उद्या मी माहेरी जाते आहे. अजून चालता येतंय तोवर गेलेलं बरं. मेल्यावर गाडीतून उतरवण्यापेक्षा आपल्या पायांनी उतरावं. भाच्याने जागा दाखवायला नेलं होतं. रेताड आहे, समुद्र जवळ आहे. शेजारी माझी आत्या आहे. ती फार बोलायची.

एर्लेंडच्या दगडावर तुमचंच आडनाव राहील. मी स्वतः उभी राहून ते पुन्हा रंगवून घेतलं. इस्बिस्टर. रंगाऱ्याने एक अक्षर गाळलं होतं, ते लिहायला लावलं. वहिनींच्या धाकट्या सुनेला त्याच्याबद्दल सांगितलं आहे. ती झाडत जाईल. कपडेही वाळत घालील, त्याचं काही मनावर घेऊ नका.

आज संध्याकाळी ओट्यावर बसले. ताविताला म्हटलं, "मी निघाले. तुझ्या शेजारी परक्या बाईचा मुलगा आहे. मी मागितला, तिने दिला नाही. तेव्हा पाहुणाच समज, आणि कधी निघणार म्हणून विचारू नकोस."

तो कशालाच लवकर उत्तर देत नसे. मी अंधार पडेपर्यंत थांबले.

तेलेसिया